तिसरा महिना संपायच्या आत

(विहाराच्या वर्धापन दिनी भरलेल्या महिला मेळाव्यातील भाषण. बोलले गेले तसेच, थोडेफार नीट करून येथे देत आहोत.)



समितीने मला 'मातेचे आरोग्य आणि आपले हक्क' असा विषय दिला आहे. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा. जेवणाची तयारी मागे सुरू आहे, वरणाचा वास इथपर्यंत येतो आहे, त्यामुळे मी पाल्हाळ लावणार नाही. वर्धा जिल्ह्यातल्या उपकेंद्रांमध्ये नर्स म्हणून माझी सारी नोकरी गेली. त्या नोकरीतली एकच गोष्ट मी आज घेऊन आले आहे. बाईला दिवस गेले की तिसरा महिना संपायच्या आत, म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून १२ आठवडे पूर्ण होण्याआधी, तिचं नाव उपकेंद्रात नोंदवलं गेलं पाहिजे. उपकेंद्राच्या फलकावर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' लिहिलेलं दिसतं. आपण मात्र उपकेंद्रच म्हणतो, मीही तेच म्हणेन.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? हे तर आशाताई रोज सांगतात. खरं आहे. पण होतं काय? आशाताई दारात येते, सासूबाई अंगणात असतात. "काही आहे का हो?" असं विचारलं की उत्तर मिळतं, "नाही माय, काहीच नाही." सून आत चुलीजवळ ऐकत असते. तिला तिसरा सुरू असतो. मग पाचव्या महिन्यात पोट दिसायला लागलं की नाव लिहून घ्या म्हणतात. काहून इतका उशीर, असं विचारलं तर, "पोट तं दिसूनच नव्हतं राह्यलं, मंग कायले जायचं?"

मी म्हाताऱ्या बायांना दोष देत नाही. त्यांच्या मागे कारणं आहेत. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडण्याचं प्रमाण जास्त असतं. आधी साऱ्या गावात बोभाटा झाला आणि मग काही कमीजास्त झालं तर त्या पोरीला लोक बोलतात, तिच्या पायगुणापर्यंत जातात. म्हणून झाकून ठेवायची रीत पडली. नजर लागते हे वरचं बोलणं, आतली भीती ही आहे, आणि ती खोटी नाही. पण गावाला सांगणं वेगळं आणि सिस्टरला सांगणं वेगळं. नोंदवहीत नाव लिहिलं म्हणून ते चावडीवर वाचून दाखवत नाहीत. गावाला पाचव्यात सांगा, सातव्यात सांगा, तुमचा प्रश्न आहे. पण नोंद तिसऱ्याच्या आत करा.

आता पहिल्या भेटीत होतं काय, ते सांगते. आधी पाळीची तारीख विचारतात. तारीख कोणाच्या लक्षात नसते, पण "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी", "दसरा झाल्यावर जो बाजार आला त्या दिवशी" असं बाया बरोबर सांगतात. त्यावरून बाळंतपणाची तारीख काढतात. नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. पाचव्या महिन्यात आलेल्या बाईला पाळीचा सण आठवत नाही. मग तारीख अंदाजाने लिहावी लागते, आणि पुढे लेकरू वेळेआधी आलं की वेळेवर, हेच कळत नाही. मग वजन, बीपी, लघवी, हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही आणि गरमीच्या रोगाची तपासणी. रक्तगट निगेटिव्ह निघाला तर नवऱ्याचाही पाहावा लागतो, कारण वेळेवर एक इंजेक्शन दिलं नाही तर पुढच्या लेकराला धोका असतो. माता व बाल संरक्षण कार्ड मिळतं. त्यानंतर किमान तीन वेळा यायचं: चौथ्या ते सहाव्या महिन्यात एकदा, सातव्या-आठव्यात एकदा आणि नवव्यात एकदा. धनुर्वाताचं इंजेक्शन तुम्हाला माहीत आहेच. २०१९ पासून त्याच इंजेक्शनात घटसर्पाचीही लस असते, त्याला टीडी म्हणतात.

यातली एक तपासणी मी मुद्दाम मागे ठेवली. ती सिकलसेलची. तिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ती आपल्या घरातली गोष्ट आहे. आपल्या विदर्भात हा आजार आदिवासी समाजात आहे, आणि आपल्या समाजातही पुष्कळ आहे. आपल्या देशात तो पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये आढळला, आणि १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या रुग्णांवर लिहिलं. म्हणजे वैद्यकाला हे ठाऊक होऊन साठ वर्षांहून जास्त काळ लोटला, पण आपल्या घरी अजूनही "पोराचे हातपाय दुखतात, वात आहे", "पोरगी पिवळी पडली, काविळीचं झाडपाल्याचं औषध आणा" असंच चालतं. हा कोणाचा शाप नाही, मागच्या जन्मीचं पाप तर नाहीच. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, अडकतात आणि तुटतात. म्हणून दुखतं आणि रक्त कमी होतं. ज्या मुलखात हिवतापाने माणसं मरत होती तिथे हा गुण ज्यांच्यात अर्धा होता ती हिवतापात तगली, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. एवढंच त्याचं मूळ आहे.

अर्धा म्हणजे काय? आईकडून एक आणि बापाकडून एक असा प्रत्येक गुण आपल्याला जोडीने मिळतो. जोडीतला एकच सिकलसेलचा असला तर तो माणूस वाहक, कार्डावर 'एएस' लिहितात. त्याला सहसा काही त्रास नसतो, तो शेतात राबतो, पोलीस भरतीत धावतो, त्याला पत्ताही नसतो. दोन्ही सिकलसेलचे असले तर तो रुग्ण, त्याला 'एसएस' म्हणतात. आता नवरा एएस आणि बायकोही एएस असली, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी की लेकरू एसएस होईल. प्रत्येक वेळी, बरं का! पहिलं लेकरू एसएस झालं, आता पुढची तीन चांगलीच होणार, असा हिशोब करणारे मला भेटले आहेत. तसा हिशोब होत नाही. दरवेळी चिठ्ठी नव्याने निघते. दोघांपैकी एकच वाहक असला आणि दुसरा साफ असला, तर लेकरू एसएस होत नाही.

उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी सोल्युबिलिटीची साधी तपासणी होते. ती दोष आहे की नाही एवढंच सांगते. अर्धा की पूर्ण, ते कळायला पुढची तपासणी लागते, आपल्याकडे तिला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. बायको एएस निघाली की नवऱ्याचं रक्त तपासायचं. आणि इथेच गाडी अडते. बाई तपासते, बाप्या येत नाही. "मले काय झालं? मी तं धडधाकट आहो." भाऊ, धडधाकट आहात म्हणूनच तपासा. वाहक धडधाकटच असतो.

दोघेही वाहक निघाले तर पोटातल्या लेकराची तपासणी करता येते. ती मोठ्या केंद्रावर होते, साधारण अकराव्या आठवड्यापासून वारेचा बारीक तुकडा घेऊन, किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजलातून. अहवाल यायला दिवस लागतात. आता बघा, बाईची नोंद पाचव्या महिन्यात, म्हणजे अठराव्या-विसाव्या आठवड्यात झाली. तिचं रक्त घेतलं, आठवडा गेला. नवऱ्याला आणायला आणखी दोन आठवडे. अहवाल हाती येईपर्यंत सहावा संपतो. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, ठरावीक कारणांसाठी चोवीसपर्यंत दोन डॉक्टरांचं लागतं, आणि त्यापुढे गर्भात मोठा दोष असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. गर्भ ठेवायचा की नाही हे मी सांगणार नाही, सिस्टरनेही सांगू नये, सासऱ्याने तर नाहीच. तो त्या नवराबायकोचा, आणि आधी त्या बाईचा निर्णय आहे. एसएस लेकरं नीट औषधपाण्याने शिकतात, मोठी होतात, लग्न करतात. पण निर्णय घ्यायला वेळ तर हाती पाहिजे! उशिरा नोंद केली की निर्णय कॅलेंडर घेतं, बाई घेत नाही.

आणि बाई स्वतःच एसएस असेल तर तिचं बाळंतपण जोखमीचं समजायचं. तिला सेवाग्राम, सावंगी किंवा वर्धेच्या जिल्हा सामान्य रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी पहिल्यापासून दाखवायचं. लोहाच्या गोळ्याही तिने डॉक्टरला विचारूनच घ्यायच्या. एएस असलेल्या बाईने मात्र इतरांसारख्याच घ्यायच्या. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे, तिच्यात हे तपासण्याचं काम होतं. लग्न जमवताना आपण पत्रिका पाहणं सोडलं, चांगलं केलं. आता रक्ताचा कागद पाहायला लागा. पण त्यावरून पोरीला नाकारण्याचा धंदा करू नका. एएस पोरीचं साफ पोराशी लग्न झालं तर लेकराला आजार होत नाही, हे मी आत्ताच सांगितलं.

रक्त कमी असण्याचं तर विचारूच नका. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे कमी, ७ च्या खाली म्हणजे धोका. पहिल्या तीन महिन्यांत नुसतं फॉलिक ॲसिड, चौथ्यापासून रोज एक लाल गोळी, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. गोळ्या वाटल्या जातात, घेतल्या किती जातात ते उकिरड्याला विचारा. "गोळीनं उलटी होते, काळी संडास होते, लेकरू काळं होते." संडास काळी होते हे खरं, तो लोहाचा रंग आहे. लेकरू काळं होत नाही, आणि झालं तरी काय बिघडलं? उलटी होत असेल तर रात्री जेवण झाल्यावर घ्या. चहासोबत घेऊ नका, गोळी वाया जाते. कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. जंताची गोळी एकदा, चौथ्या महिन्यानंतर. आणि घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं, तेही एकदा पाहा. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे कापसाची वेचणी जोरात असते. बाई सकाळी चहा-पोळी खाऊन जाते, वजनावर मजुरी म्हणून दुपारी बसत नाही, आणि रात्री उरलेलं खाते. अशा बाईचं ७ चं १० व्हायला दोन-तीन महिने लागतात. नवव्या महिन्यात ६ निघालं तर गोळीला वेळच नसतो, मग रक्ताची पिशवी शोधत नातेवाईक रात्री धावतात.

पायावर सूज, डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, बीपी १४० वर ९०, अंगावर लाल जाणं, लेकराची हालचाल कमी होणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी जायचं. यावर जास्त बोलत नाही, कार्डाच्या आत चित्रांसह दिलेलं आहे. सोनोग्राफीबद्दल एकच. ती लेकराची वाढ पाहायला आहे, 'काय आहे' ते विचारायला नाही. महाराष्ट्राने त्याविरुद्ध १९८८ मध्येच कायदा केला, देशाने १९९४ मध्ये.

आता पैशाकडे येते. इथे मला बाबासाहेबांची एक गोष्ट सांगायची आहे, ती आपल्या सभांमध्ये फार कमी सांगितली जाते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बाबासाहेब बोलले. गिरणीत काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळावी आणि त्या काळात मजुरीही मिळावी, असं ते विधेयक होतं. बाळंतपणाआधी बाईला विसावा मिळणं हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. आणि जनतेच्या हिताची काळजी ही मुळात सरकारची जबाबदारी असल्याने या खर्चाचा भार सरकारने उचलायला हवा, हेही त्यांनी मान्य केलं. पण सरकार उचलत नाही तोवर बाईच्या मजुरीतून फायदा घेणाऱ्या मालकाने उचलायला काय हरकत आहे, असा त्यांचा रोख होता. १९२९ मध्ये तो कायदा झाला. आपला वर्धा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, मध्यप्रांतात होता. आपल्याकडे तसा कायदा १९३० मध्ये आला. पुढे मजूर खातं सांभाळताना १९४३ मध्ये त्यांनी खाणीतल्या बायांच्या प्रसूती लाभाचा कायदाही दुरुस्तीला घेतला. म्हणून उपकेंद्रात हात पसरल्यासारखं उभं राहू नका. हे कोणी दान देत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्यातलीच. १९४५ च्या सुमारास सेवाग्रामला बाया आणि लेकरांसाठी कस्तुरबांच्या नावाचा छोटा दवाखाना निघाला. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये तिथे मेडिकल कॉलेज काढलं. तिथल्या डॉ. उल्हास जाजू यांनी १९८० च्या आसपास आजूबाजूच्या गावांत ज्वारीवर चालणारी आरोग्य योजना उभी केली. सुगी झाली, घरात धान्य आलं, की प्रत्येक घराने ज्वारी द्यायची. जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, मजुराची थोडी. गावातली बहुतेक घरं आली तरच गाव योजनेत घ्यायचं, एकट्यादुकट्याला नाही. मग अकस्मात आजारपण आलं तर सेवाग्रामला उपचार मोफत. मोतीबिंदू, हर्निया, सरळ बाळंतपण अशा, आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टींना मात्र सवलत, पूर्ण माफी नाही. मला ही विभागणी फार शहाणपणाची वाटते. बाळंतपण रात्रीत येत नाही, ते नऊ महिने आधी निरोप पाठवून येतं. निरोप मिळाल्यावर तयारी करायची की नाही, हा आपला प्रश्न. आता आपल्याकडे ज्वारीची पेरणी कमी झाली आणि सोयाबीन आलं, पण सुगीत वर्गणी आणि संकटात उपचार, हे गणित आजच्या साऱ्या विम्यांनाही लागू आहे.

म्हणूनच सांगते, विम्याच्या कार्डाच्या भरवशावर बाळंतपण सोडू नका. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, २०२४ पासून पांढरं कार्डही चालतं. पण त्या योजनेत उपचारांची ठरावीक यादी असते. कोणता उपचार यादीत आहे ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारायचं. भरती झाल्यावर, बिल हातात आल्यावर विचारून उपयोग नाही. "कार्ड आहे, पैसे लागणार नाहीत" असं समजून खासगी दवाखान्यात सरळ बाळंतपणाला गेलेल्या आणि नंतर मंगळसूत्र गहाण टाकणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. खासगी विम्याचंही तसंच. बऱ्याच पॉलिसींमध्ये बाळंतपण धरलेलंच नसतं, आणि धरलेलं असलं तरी नऊ महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत थांबावं लागतं. दिवस गेल्यावर काढलेला विमा त्या खेपेला कामाचा नाही.

तुमचा खरा आधार दुसराच आहे. जून २०११ पासून केंद्राचा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत, सिझेरियन मोफत, औषधं, तपासण्या आणि रक्त मोफत, सरळ बाळंतपणात ३ दिवस आणि सिझेरियनमध्ये ७ दिवस जेवण मोफत. घरून न्यायला, एका दवाखान्यातून दुसऱ्यात हलवायला आणि घरी सोडायला गाडी मोफत. लेकरू आजारी पडलं तर वर्षाचं होईपर्यंत त्याचेही उपचार मोफत. हे सगळं हक्काने मागायचं. कोणी "साहेबांना खुशी द्या" म्हटलं तर देऊ नका, त्याचं नाव विचारा, तारीख लिहून ठेवा आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. विहार समितीतल्या पोरांनी असा अर्ज लिहून द्यायला शिकावं.

२००५ पासूनच्या जननी सुरक्षा योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या बाईला दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर ग्रामीण भागात ७०० रुपये, शहरात ६०० मिळतात. वयाची आणि दोन अपत्यांची अट २०१३ मध्ये निघाली, तरी अजून कोणी कोणी ती सांगून परत पाठवतात, म्हणून लक्षात ठेवा. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या लेकराला ५,००० रुपये दोन हप्त्यांत. पहिले ३,००० गरोदरपणाची नोंद आणि सहा महिन्यांच्या आत एक तपासणी झाल्यावर, उरलेले २,००० जन्माची नोंद आणि लेकराच्या पहिल्या लसी पूर्ण झाल्यावर. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर एकदम ६,०००. ही योजना मजुरी बुडते म्हणून आहे, नवऱ्याच्या मोटारसायकलच्या हप्त्यासाठी नाही.

घरातला माणूस बांधकामावर जातो का? इमारत बांधकाम कामगार मंडळात त्याची किंवा तुमची नोंदणी चालू असेल, तर दोन अपत्यांपर्यंत सरळ बाळंतपणाला १५,००० आणि शस्त्रक्रियेने झालं तर २०,००० रुपयांची मदत आहे. वर्षातून ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मिस्त्रीकाम, सेंट्रिंग, विटा-वाळू वाहणं करणारी किती घरं आपल्या वस्तीत आहेत, आणि नोंदणी किती जणांची आहे? कारखान्यात किंवा सूतगिरणीत कामाला असाल आणि पगारातून ईएसआयची कपात होत असेल, तर बाईला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पावती फेकू नका.

या सगळ्यात एक जागा अशी आहे जिथे पैसा हमखास अडकतो. आधार कार्डावर माहेरचं नाव, रेशनकार्डात अजून नाव चढलेलं नाही, बँकेचं खातं नवऱ्याचं किंवा आधारशी न जोडलेलं. हे दुरुस्त करायला सेतू केंद्रात खेटे घालावे लागतात, महिना-दोन महिने सहज जातात. पोट मोठं झाल्यावर त्या रांगेत कोण उभं राहणार? तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवलं तर सिस्टर तेव्हाच सांगते, हा कागद नाही, तो आणा. लग्न झाल्याबरोबर खातं तिच्या स्वतःच्या नावाने उघडा, म्हणजे हा त्रासच नको.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत आहे. असू द्या, माहेरी पोरीचं मन रमतं. पण सातव्यात ती आर्वीहून समुद्रपूरला गेली आणि कार्ड सासरच्या ट्रंकेत राहिलं, तर तिकडच्या सिस्टरला तिचा रक्तगटही ठाऊक नसतो. लुगड्याच्या घडीआधी कार्ड पिशवीत टाका. माहेरच्या आशाताईला पोहोचल्या दिवशी कळवा. आणि आठव्या महिन्यात दोन्ही घरच्या माणसांनी बसून ठरवा: कोणत्या दवाखान्यात जायचं, तिथे सिझेरियन होतं का, रात्री १०२ किंवा १०८ ला फोन कोण करेल, रक्त लागलं तर कोण देईल, मोठं लेकरू कोणाजवळ राहील. हिंगणघाट आणि आर्वीला उपजिल्हा रुग्णालय आहे. कारंजा-आष्टीकडच्या गावांनी अंतराचा विचार आधी करायचा, कळा सुरू झाल्यावर नकाशा पाहायला वेळ नसतो.

शेवटी समितीला एक विनंती. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरकडून मोफत तपासणी होते. २०१६ पासून हे चालू आहे, चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायांसाठी. त्याच्या आदल्या संध्याकाळी विहाराच्या भोंग्यावरून दोन ओळी सांगत जा. आणि दर पौर्णिमेला आपण जमतोच, त्या दिवशी आशाताईला कोपऱ्यात एक खुर्ची द्या. ज्या सुनेला सासूसमोर बोलता येत नाही, ती वंदना झाल्यावर तिच्या कानात सांगेल.

आपल्या गावच्या सिस्टर आणि आशाताई आज आल्या आहेत. मागच्या दाराशी, चपला काढतो तिथे, सतरंजीवर बसल्या आहेत. सिकलसेलच्या तपासणीसाठी नावं त्या आत्ता लिहून घेतील. बायांची रांग वेगळी आणि बाप्यांची वेगळी. भावांनो, तुमच्या रांगेत अजून कोणी उभं नाही, तेवढं मी इथून पाहते आहे. जेवण तयार आहे, आधी नाव सांगून या, मग पंगतीला बसा.

जय भीम.